आतून कडी

दरवेळी तेच. स्टोव्ह पेटला, बाहेर काळोख पडला, दोन बाटल्या उघडल्या, की तुम्हा पोरांना अर्डेलची गोष्ट हवी. मी काय रेडिओ आहे, कान पिळला की वाजायला? मागच्या खेपेला हा रॉडनी मधेच फिदीफिदी हसला होता. मग रात्री त्यालाच गाडीपर्यंत पोचवायला मला जावं लागलं, बूट घालून, या वयात. तेव्हा कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आणि ते दार ओढून घ्या, गारठा येतोय. कडी नको. नुसतं ओढा.

अर्डेल निक्विस्टला तुम्ही सगळे ओळखता. लाकडाच्या गिरणीत करवतीवर असतो तो. गेल्याच्या गेल्या वर्षी सप्टेंबरात तो माझ्या वेल्डिंगच्या शेडवर एक ट्रेलर ओढत आला. नावेचा जुना ट्रेलर, सोळा फुटी. गंजलेला, पण हाडाचा खणखणीत.

"गस," म्हणाला, "यावर खोपटं बांधायचंय. चाकांचं."

मला बरं वाटलं. चार हिवाळे हा माणूस गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला फिरकला नव्हता. आपलं जुनं खोपटं त्यानं परसात नेऊन जाळलं होतं, आणि का जाळलं ते गावाला ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक आहे असं गावाला वाटत होतं.

त्या सप्टेंबरच्या चार-साडेचार वर्षं आधीची गोष्ट, नऊ फेब्रुवारीचं ते वादळ. गार्नेट तळ्यावर त्या रात्री दोनच खोपटी होती, एक अर्डेलचं आणि दोनशे पावलांवर रूबेन हाल्मेचं. मध्यरात्रीनंतर रूबेनच्या हीटरचा गॅस संपला असावा. तो बाहेर पडला. स्वतःचा हात दिसत नव्हता असं पांढरं. सकाळी सापडला तेव्हा बसलेला होता, अर्डेलच्या दारापासून बारा पावलं पुढं. बारा. मी मोजली आहेत.

शेरीफच्या माणसांनी अर्डेलला विचारलं, "ठोठावलं होतं का यानं?"

"नाही," अर्डेल म्हणाला. "रात्रभर बर्फच कडाडत होता. दुसरं काही ऐकलं नाही."

आता आपल्या तळ्याची रीत काय? खोपट्याला आतून कडी नसते. अडलेला माणूस ठोठावतो, कुणाची वाट बघत नाही, आत येतो, कॉफी पितो. वैरी असला तरी. मग जो माणूस बारा पावलांवर दार असताना न ठोठावता पुढं जातो, तो कुठं निघाला होता? गावानं हिशोब केला. रूबेननं जीव दिला. कुणी मोठ्यानं म्हणालं नाही, पण त्याची बायको एल्ना चर्चमध्ये आली की बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. काय बोलायचं तिच्याशी? नवरा तुला टाकून चालत गेला, म्हणून?

तर खोपटं. फ्रेमला आडव्या पट्ट्या मी जोडल्या, एकेक जोड दोनदा. चाकांना वर-खाली होणारे हात बसवले. गाडीला जोडून तळ्यावर न्यायचं, हँडल फिरवायचं, चाकं वर, की अख्खी फ्रेम बर्फावर बसते. तळाच्या फळीत पाच भोकं, त्यांच्याखाली बर्फात पाच भोकं, वर बिछाना. पडल्या पडल्या मासे. इथवर सगळे करतात तसंच. पुढं मात्र त्याचं बिनसलं. भिंतीत दोन इंच फोम पुरतो, यानं चार घातला. तळातही घातला. दार दुपदरी केलं, आत फळी, बाहेर पत्रा, मधे फोम, आणि चारी बाजूंनी रबर.

"अरे, फ्रीज बांधतोयस का?" मी म्हटलं.

"आवाज येता कामा नये."

"कसला आवाज?"

"बर्फाचा."

"जन्मभर बर्फाच्या आवाजात घोरत आलास की रे!"

तो रबर चिकटवत राहिला. पुढच्या शनिवारी येताना त्यानं खिशातून कडी काढली. पोलादी, बोटाएवढी जाड. आणि आतल्या बाजूला पेन्सिलीनं खुणा करायला लागला.

"आतून?" मी म्हटलं. "कुणाला अडवणार? पाइक माशाला?"

"वाऱ्यानं उघडतं दार."

"वाऱ्याला खटका पुरतो, अर्डेल."

त्यानं माझ्या हातातलं ड्रिल काढून घेतलं आणि कडी स्वतः बसवली. मी त्या दिवशी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

एक आत्ताच सांगून ठेवतो, नंतर कुणी शहाणपणा करायला नको. हवेसाठी दोन झरोके मी स्वतः कापले होते, आणि गॅस चढला तर बोंबलणारा अलार्म नवाकोरा होता. तेव्हा 'म्हाताऱ्या, हीटरचा धूर डोक्यात गेला असेल' हे मला ऐकवायचं नाही.

अकरा जानेवारी, शनिवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. अर्डेल खोपटं गाडीला जोडून निघाला आणि गॅसची टाकी भरून घ्यायला घाटावरच्या गळ-आमिषाच्या दुकानात थांबला. गल्ल्यावर एल्ना होती. शनिवारी तीच असते. तिनं टाकी भरून दिली, खिडकीतून बाहेर पाहिलं.

"छान झालंय रे खोपटं."

"गसची करामत."

"बर्फ सोळा इंच आहे. ओढ्याच्या तोंडाशी जाऊ नकोस पण."

"नाही जात."

तो वळला. ती म्हणाली, "अर्डेल, वर्षातून एकदाच विचारते मी. काय ते तुला माहितीये."

"माहितीये."

"त्यानं ठोठावलं होतं?"

"नाही, एल्ना. ठोठावलं असतं तर मी उघडलं नसतं का?"

"तेच ना," ती म्हणाली. "तू तर उघडलंच असतंस."

टाकी उचलून तो बाहेर आला. हे सगळं त्यानं नंतर मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं आहे, माझ्या शेडमध्ये, उभ्या उभ्या. बस म्हटलं तरी बसला नाही.

अंधार पडायच्या आत त्यानं तळ्यावर खोपटं उतरवलं. दार आग्नेयेला, वाऱ्याकडं पाठ. गिरमिटानं पाच भोकं पाडली. आठपर्यंत दोन वॉलआय मासे गळाला लागले, बरे होते. लाव्हॉननं, त्याच्या बायकोनं, बटाटा-खिम्याचं भांडं फडक्यात बांधून दिलं होतं, ते त्यानं हीटरवर गरम करून खाल्लं. साडेनऊला भोकांवर झाकणं घातली, कडी लावली आणि आडवा झाला.

काम फक्कड झालं होतं. काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. बाहेर उणे सव्वीस, बर्फ तडकत असणार, लांडगे ओरडत असणार. आत मेणासारखी शांतता. चार वर्षांत पहिल्यांदा त्याला तळ्यावर झोप लागली.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्याला जाग आली.

ठक. ठक. ठक.

तो पडून राहिला. बर्फ असेल, त्यानं मनाशी म्हटलं. पण बर्फाचा आवाज धावतो. इथं वाजला की तळ्याच्या त्या टोकाला जाऊन विरतो. हा धावला नाही. हा एका जागी उभा होता.

आणि चार इंच फोममधून बर्फ कसा ऐकू येईल?

ठक. ठक. ठक.

ओळखीचा आवाज. त्याच तालातला. पोरांनो, इथं तुम्हाला ते सांगावं लागतं, जे अर्डेलनं चार वर्षं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. वादळाच्या रात्री त्यानं ठोठावलेलं ऐकलं होतं. तीनदा. पांघरूण गरम होतं, डोळे मिटत होते, आणि त्याला वाटलं, माणूस असेल तर येईल आत, दाराला कुठं कडी आहे? पण जुन्या खोपट्याचं दार फुगलेलं होतं. बाहेरून उघडायचं तर खांदा लावून उचलावं लागायचं. गारठलेल्या माणसाला ते जमायचं नाही. दाराला रंधा मारायचा, रंधा मारायचा, असं तो पानगळीपासून म्हणत होता. ठोठावणं थांबलं. त्याला बरं वाटलं. तो झोपला...

झोपला तो.

ठक. ठक. ठक.

आता तो उठून बसला. हीटरची निळी ज्योत तेवढी हलत होती. अलार्मचा हिरवा ठिपका शांत.

"कोण आहे?"

...

"रूबेन?"

...

तो मोजे घातलेल्या पायांनी दारापर्यंत गेला. कडीला हात लावला. हात मागं घेतला. पुन्हा लावला. किती वेळ तसा उभा होता, त्याला सांगता येत नाही. उघडलं नाही तर सकाळ होईल, गाडी जोडता येईल, कुणाला काही कळणार नाही. आधीसारखंच. उघडलं तर...

त्यानं कडी काढली.

दार ढकललं. बाहेर चांदणं. पुनवेला दोनच दिवस होते, तळं ताटासारखं लख्ख. संध्याकाळी भुरभुरलेला बर्फ पायरीशी गुळगुळीत. एक पाऊल नाही. उंदराचंसुद्धा नाही.

"ये," अर्डेल म्हणाला. आवाज फाटला होता. "ये आत. कॉफी आहे. ये रे..."

कुणी आलं नाही.

तो उघड्या दाराचं हँडल धरून उभा.

ठक.

हातातल्या दारात. त्याच्या तळव्याला जाणवलं.

ठक.

समोर कुणी नव्हतं.

ठक.

मग त्याला कळलं. बाहेरून नाही. बाहेरून कुणी ठोठावत नव्हतं. आत यायचं नव्हतं त्याला. तो आतच होता. चार वर्षं, जिथं अर्डेल जाईल तिथं... आतच.

अर्डेल भिंतीला चिकटून बाजूला झाला. वाट सोडली.

"जा," म्हणाला.

त्याच्या गालाजवळून काहीतरी गेलं. गार. हीटर लावलेल्या खोलीतून, आतून बाहेर, गार. पुढं काही नाही. बर्फ कडाडला आणि आवाज तळ्यावरून धावत लांब गेला.

अर्डेलनं बूट घातले की नाही तेही त्याला आठवत नाही. पावणेचारला तो एल्नाच्या दारात होता. त्यानं ठोठावलं. दिवा लागला, ती झग्यावर कोट टाकून आली.

"लाव्हॉनला काही झालं का?"

"त्यानं ठोठावलं होतं," अर्डेल म्हणाला. "मी ऐकलं होतं. मी उठलो नाही."

तिनं दाराची चौकट धरली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. नुसतं म्हणाली, "किती वेळा?"

"तीनदा."

ती तिथंच उंबऱ्यावर बसली, त्या थंडीत. तोंडावर दोन्ही हात घेतले.

"म्हणजे त्याला घरी यायचं होतं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि तिनं चर्चमध्ये अर्डेलला सगळ्यांसमोर उभं केलं. बोल म्हणाली. तो बोलला. माफ केलं का, ते मी तिला विचारलेलं नाही, तुम्हीही विचारू नका. पण तिच्या बाकावर आता जागा मिळत नाही.

दुपारी खोपटं आणायला अर्डेलबरोबर मी गेलो. तो गाडीतून उतरेना. मी एकटाच चालत गेलो, दारासमोर उभा राहिलो, आणि काय सांगू... दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर खांद्याच्या उंचीला तीन फुगवटे होते. बाहेर आलेले. शेडवर आणून पत्रा काढला. मागचा फोम जसाच्या तसा, बोटाचा ठसा नाही. आतली फळी कोरी. आणि पत्रा फोमकडच्या बाजूनं ठोकलेला. प्रत्येक खड्ड्यात चार चार खळगे, मूठ वळल्यावर येतात तसे. मी चौथीतून शाळा सोडली, पण पत्रा कुठल्या बाजूनं ठोकला ते मला आंधळ्यानं हात धरून दाखवायला नको. फोम आणि पत्र्याच्या मधे मूठ जाईल एवढी जागा नाही. नखसुद्धा जाणार नाही. यापुढं मला विचारू नका, मला माहीत नाही.

पत्रा शेडमध्ये टांगलेला आहे. ज्याला बघायचा त्यानं बघावा. रूबेननं जीव दिला असं गावात सगळ्यात आधी कुजबुजणारा जो होता, त्यानं चर्चच्या तळघरात माशाच्या जेवणावळीत, साठ माणसांपुढं, सांगितलं की हे माझंच काम, म्हाताऱ्यानं गिऱ्हाइकं वाढवायला हातोडीनं ठोकलंय. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तो गुपचूप शेडवर आला. पत्र्याच्या मागच्या बाजूनं एका खड्ड्यात आपली मूठ ठेवून पाहिली. चार बोटं, चार खळगे. तोंड राखेसारखं झालं. टोपी विसरून पळाला, गाडीचा दिवासुद्धा लावला नाही. अर्डेलनं एल्नाची माफी मागितली, अख्ख्या गावानं मागितली. टोपी खिळ्याला आहे. मला टोपीचं काही नाही, पण तिच्या मालकानं ती न्यायला यावं, आणि येताना तोंडात माफीचे दोन शब्द घेऊन यावं, तेही साठ माणसांपुढं. कोण ते विचारता? मेरिल टॉफ्टे.