वर्षाचा फिल्टर

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यात माझ्या पदरचं काहीही नाही. हे माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत घडलं. भर दुपारी, मोठ्या वाचनालयाच्या तळमजल्यावर, कॉम्प्युटरच्या खोलीत.

काकांची मुलगी तिथे अंध वाचकांसाठी गोष्टींची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर काकूने अंथरूण धरलं. तिचं एकच मागणं होतं.

"एकदा तिचा आवाज ऐकवा हो. मग मी सुखाने डोळे मिटेन."

पण रेकॉर्डिंगवर वाचणाऱ्याचं नाव लिहायची तिथे पद्धतच नव्हती!

काकांचं आणि कॉम्प्युटरचं जुनं वैर. त्यांनी 'गोष्टी' असं शोधलं. हजारो निकाल आले. मग घाईघाईने सगळे फिल्टर एकदम लावले...

एकही उरला नाही.

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "काका, एकेक लावा. एकदम लावले की हवं तेच गळून जातं."

काकांनी भाषा निवडली. यादी आटली. मग 'स्त्रीचा आवाज' निवडलं. आणखी आटली. शेवटी, मुलगी हयात होती तेवढीच वर्षं निवडली...

वर्षापुढची खूण आपोआप पुसली गेली.

काकांनी पुन्हा केली. पुन्हा पुसली गेली.

त्यांनी घाबरून माउसवरचा हात काढला. तरीही यादी आटतच राहिली... शंभर... वीस... एक.

त्या रेकॉर्डिंगवर तारीख आजची होती.

काकांनी हेडफोन लावले. आधी नुसती शांतता... मग पान उलटल्याचा आवाज... आणि ती! तिचाच आवाज. गोष्ट वाचत होती. काकांना रडू आवरेना. आता हे घरी नेऊन काकूला ऐकवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

तेवढ्यात ती वाचता वाचता थांबली. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला...

"ये आई. बस इथे. पहिल्यापासून वाचू?"

त्याच क्षणी काकांचा फोन वाजला. शेजारीण रडत होती.

"लवकर घरी या हो... वहिनी गेल्या."

ते रेकॉर्डिंग पुन्हा सापडलं नाही. ग्रंथपाल बाईंनी जंग जंग पछाडलं.

काका अजूनही रोज तिथे जाऊन बसतात. वर्षाचा फिल्टर मात्र लावत नाहीत. "तू पण चल की," म्हणतात. मी काहीतरी सबब सांगतो. एक दिवस ती त्यांनाही "या बाबा" म्हणेल, या धास्तीने माझी झोप उडाली आहे...

आणि काका त्याचीच वाट बघताहेत.