ओट्यावरची ओल

बसायला जागा मागणाऱ्या मृतांची कथा शहापूर-मुरबाड भागात तीन रूपांत सांगतात. धसईकडे मेलेला माणूस बाजाराच्या दिवशी दुकानाच्या फळीवर येऊन बसतो. सापगावकडे तो होडीत बसतो आणि रिकामी होडी एका अंगाला कलते. तिसरे रूप भातसा नदीकाठच्या एका वाढत्या गावाचे. त्यात भयाहून शरम अधिक आहे.

गावाच्या स्मरणिकेसाठी निवृत्त शिक्षक सावळाराम गुरुजी इतिहास लिहीत होते. आधी होडीचा उतार, मग भातगिरणी, एस.टी.चा थांबा, पूल, आणि आता नदीकडे खिडक्या काढलेल्या इमारती. पहिले वाक्य होते : ‘घाट बांधण्यापूर्वी येथे वस्ती नव्हती.’ ते खोटे होते. चाळीस वर्षांपूर्वी घाटाला दगड कमी पडले, तेव्हा काठावरच्या ठाकरवाडीचे चिरे गुरुजींनीच दाखवले होते. वाडीत माणूस गेला की दगडावर चंद्रसूर्य आणि त्याची बसलेली आकृती कोरून त्याच्या जीवाला त्यात बसवीत. ते चिरे पालथे घालून पायऱ्या झाल्या. वाडी टेकडीमागे सरकली. गुरुजींच्या घराचा ओटाही त्याच वर्षीचा.

चैत्रातल्या एका दुपारी गुरुजी घाट मोजून परतले, तो ओट्यावर ओल दिसली : कुणी ओल्या वस्त्रांनी बसून नुकतेच उठावे तशी. खाली दोन पावले. गाळाचा वास. पाणी आपण सांडले नाही, असे त्यांच्या पत्नी कमळाबाई म्हणाल्या. ओल उन्हातही वाळेना. चौकशीअंती कळले की घाटालगतच्या प्रत्येक घरी ती रोज पुसली जात होती, आणि लाजेने कोणी बोलत नव्हते.

गुरुजी टेकडीमागे वाडीतल्या सोमीकडे गेले. तिचा बाप लखमा तेव्हा चिऱ्यांसाठी हात जोडून दमला होता.

“आमची मानसं पालथी घातलीत, गुरुजी,” सोमी हळू म्हणाली. “ती बसतील कुठं?”

“तेव्हा मला... कळलं नाही गं.”

“कळलं व्हतं. म्हणून तर कोरलेलं अंग खाली केलंत.”

गुरुजींनी स्मरणिकेतले ते पहिले वाक्य खोडले. गावकऱ्यांनी पहारी लावून पायऱ्या उपटल्या. नऊ चिरे वाडीत परत गेले. घरोघरची ओल वाळली. गुरुजींच्या ओट्यावरची तेवढी राहिली.

सोमीने एकेका चिऱ्यावरून हात फिरवला. “यात माझी आय नाय...”

गुरुजी खाली मान घालून घरी आले. ओट्याची मधली शिळा त्या वर्षी चौघांनी मिळून बसवली होती. कुणाला हाक मारायचे तोंड उरले नव्हते. त्यांनी एकट्यानेच पहार घातली. शिळा सहज उचलली गेली. खालच्या अंगाला चंद्रसूर्य होते, आणि चंद्रसूर्यांखाली बसलेली बाई.

कमळाबाई दारात उभ्या होत्या.

“पलीकडून कुणी धरलं होतं?” त्यांनी विचारले.

गुरुजींनी पाहिले. शिळेच्या दुसऱ्या कडेवर दोन ओले पंजे उमटले होते.