दारांचा कागद

आ-ह्वाला मोकळ्या आवारात सोडलं त्या सकाळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका हॉटेलच्या मागच्या पिंजऱ्यात वाढलेली वाघीण ती. पायाखाली गवत तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आवार मी आखलं होतं. पिंगतुंगच्या या भागात ऊन फार, म्हणून सावलीला बांबू, डुंबायला तळं, आणि उंच गवत. सोडवून आणलेल्या जनावराला आधी लपायला जागा लागते, मग फिरायला.

ती मधल्या गवतात गेली आणि चौकोनात फिरू लागली.

"जुना पिंजरा चालतेय," श्यू-चिन म्हणाली. वाघिणीचं सगळं तीच बघते. "सगळेच चालतात, दादा. विसरेल हळूहळू."

ती विसरली नाही. गवत मरून मातीची वाट पडली. मांस चौकोनाच्या आत पडलं तरच खायची. तळ्याकडे बघत धापा टाकायची, पण वाट ओलांडायची नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर तिला परत पिंजऱ्यात घ्यावं लागेल.

"बरगड्या बघा तिच्या," श्यू-चिन म्हणाली. "आणि तुमच्या. वहिनी गेल्यापासून काही शिजवता की नाही घरी?" मग आवाराकडे बोट करून म्हणाली, "एक विचारू? हिचा पिंजरा बोळासारखा लांबट होता. मग ही कुठली खोली म्हणायची? आणि त्या कोपऱ्यात हिला काय आडवं येतं?"

एका कोपऱ्यात आ-ह्वा प्रत्येक फेरीला आत वळायची, रिकाम्या जागेला वळसा घालायची आणि पुन्हा सरळ चालू लागायची.

मला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं. आमच्या घराच्या मागच्या खोलीत त्याच कोपऱ्यात खांब आहे. युए-श्या, माझी बायको, शेवटपर्यंत त्या खोलीत होती.

"काय माहीत," मी म्हणालो.

आमच्याकडे वारलेल्या माणसाला कागदाचं घर जाळून पाठवतात. कारागिरांकडे तयार घरं असतात. दोन मजले, दाराशी गाडी, नोकर. माझ्या मेव्हणीला तसलं हवं होतं. मी ऐकलं नाही. युए-श्याला तिचंच घर मिळू दे म्हटलं, आणि लिआव काकांना आमच्या घराचा नकाशा काढून दिला. आवारं आखताना आम्ही भिंती एका कागदावर काढतो आणि दारं दुसऱ्यावर, कारण दारांचा कागद फॅब्रिकेशनवाल्याकडे जातो. सवयीनं मी तसंच काढलं, आणि भिंतींचाच कागद दिला.

घर पेटवायला घेतलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. एकाही भिंतीला दार नव्हतं.

"दाजी, किती हुबेहूब केलंय हो," मेव्हणी रडत म्हणाली.

थांबा म्हणायला वेळ होता. एवढ्या नातेवाइकांत हसं होईल म्हणून मी हात जोडून उभा राहिलो.

श्यू-चिनशी खोटं बोललो त्याच दुपारी मी लिआव काकांकडे गेलो. ते बांबूच्या काड्या तासत होते.

"काका, घराला दारं नव्हती. तुम्ही बोलला नाहीत."

"घर तुमचं, नकाशा तुमचा. म्हटलं, शिकलेला माणूस, काही कारण असेल." त्यांनी सुरी खाली ठेवली. "का, स्वप्नात येते?"

"नाही. एक दार करून द्या."

"कडी कुठल्या बाजूला?"

"आतल्या," मी म्हणालो. "तिच्या बाजूला."

आवारात जायला माणसांसाठी एकामागोमाग दोन दारं असतात, मध्ये थोडी फरशी. आतलं जाळीचं दार वाघिणीमुळे कुलूपबंद. बाहेरचंही जाळीचंच, पण त्याला बाहेरून नुसती कडी. दुसऱ्या दिवशी श्यू-चिन मांस कापत होती तेव्हा मी त्या फरशीवर कागदी दार जाळलं. "युए-श्या, ये," म्हणालो. मोठ्यानं म्हणायची लाज वाटली.

आ-ह्वा थांबली.

माझ्या समोरच्या बाजूला तिनं वाटेपलीकडे पंजा टाकला आणि बाहेर आली. तळ्याकडे गेली नाही. बाजूला सरून मागे बघत उभी राहिली. मागून कुणी हळू चालणारं येत असलं की आपण थांबतो, तशी.

मग ती तळ्याकडे गेली.

वारा नव्हता. वाट आणि जाळी यांच्या मधलं गवत एका जागी दबलं. थोड्या वेळानं त्याच्या पुढच्या जागी. युए-श्या काठी टेकत चालायची. दोन पावलं, मग दम.

दबलेलं गवत जाळीपाशी आलं.

"दादा, पाण्यात गेली! अहो बघा तरी, म्हशीसारखी बसलीय!" श्यू-चिन धावत आली. मग तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. "वाघीण तर तळ्यात आहे. ही कडी कुणासाठी घातलीत?"

मी कधी बाहेर आलो ते मला कळलं नव्हतं. बाहेरच्या दाराची कडी लावून, ती दोन्ही हातांनी दाबून मी उभा होतो.

आत फरशीवर कागदाची राख पसरली होती. राखेत काठीच्या टोकाएवढे गोल ठसे होते. शेवटचा ठसा कडीच्या अगदी खाली.

दार कुणी वाजवलं नाही. युए-श्या कधीच वाजवायची नाही. माझं काम चालू असलं की ती नुसती दाराबाहेर उभी राहायची.