शेवटचा स्नॅपशॉट

राजारामपुरीतल्या त्या अरुंद जिन्यात शांभवी थेट धैर्यशीलवर जाऊन आदळली.

"ओ मॅडम, सावकाश की! कुठं आग लागली?"

"आगच लागली समजा..." ती म्हणाली. खालच्या दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणारा हा पोरगा रोज तिला बघून नजर चोरायचा. आज त्यानं सरळ बघितलं, आणि बाईसाहेबांना रडूच कोसळलं.

वरच्या ज्या शिकवणीच्या क्लासात ती कामाला होती, तिथं सकाळी तिनं काय करून ठेवलं होतं म्हणता! डिस्क भरलेली. तारीख-वेळ घातलेल्या फोल्डरांत सरांच्या धड्यांचे तेच ते व्हिडिओ दिसले. हिला वाटलं, डबल-डबल झालेत. एक प्रत उडवली... आणि नेमकी खरी तीच! सर उद्या येणार. नोकरी गेली की तिचे वडील अण्णा तिला लगेच निपाणीच्या स्थळापुढं उभं करणार, हे ठरलेलं.

सगळं ऐकून धैर्यशील वर क्लासमध्ये आला आणि खुर्ची ओढून बसला. "बाकीच्या प्रती डिलीट झाल्या न्हाईत, व्हय ना?"

"न्हाय. परवानगीच देईना."

"नशीब! ते स्नॅपशॉट हाईत. ह्या मशीनवरचा लिनक्स दर तासाला फाइली हाईत तशा जपून ठेवतोय. पण मोजकेच. नवा आला की जुना आपोआप टाकून देतोय."

यादी बघता बघता त्याचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. सकाळनंतरचे सगळे स्नॅपशॉट रिकामे. धडे असलेला एकच उरलेला, सगळ्यात जुना — आणि तो टाकायची वेळ आलेली!

"अहो, करा की काहीतरी!" तिनं त्याचा दंड घट्ट धरला.

"हात सोडला तर करीन..."

तिनं सोडला, डोळे मिटले. महादेवा, वाचव रे! कीबोर्ड खडखडला.

"साफसफाई थांबवली. धडे परत आणले. बघा आता."

सगळे व्हिडिओ जागच्या जागी! ती हसणार तोच फोन वाजला. अण्णा.

"शांभवी, निपाणीचं पावणं रविवारी येतो म्हणत्यात."

नोकरी वाचली होती, तरी स्थळ काही टळलं नव्हतं. तिनं एकदा धैर्यशीलकडं बघितलं.

"अण्णा, रविवारी येऊ नका म्हणून सांगा त्यांना. मला... दुसरं कुणीतरी आवडतंय."

फोन ठेवला. धैर्यशील बघतच राहिला.

"कोण हो ते?" बिचाऱ्याचा आवाज चिरकला.

"समोर बसलाय." ती म्हणाली. "पण आमच्यात मटण चालत न्हाय. आधीच सांगते."

"तांबडा रस्सासुद्धा न्हाय?"

"न्हाय."

तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला.

"बरं..." तो म्हणाला, "अण्णांना भेटायला रविवारी किती वाजता येऊ?"