उसनी जीभ

जपानमधल्या मितो शहरात, इस्पितळाच्या बागेत, प्लमच्या झाडाआड लपून चिनात्सू नात्तोचा डबा उघडत होती, तेवढ्यात कुणीतरी तो अलगद काढून घेतला.

"ओ, चोर!"

"चोर नाही, औषधवाला. तोमोहिसा." पांढऱ्या कोटातला उंच तरुण नाक दाबून उभा होता. "तुमच्या गोळ्या मीच पाठवतो. आणि हे चिकट, आंबवलेलं सोयाबीन त्यांच्यावर पाणी फिरवतं."

"चार पिढ्या आमच्या कारखान्यात हेच बनतं! घरचं अन्न कधी बाधतं का?"

"गेल्या महिन्यात बाधलं ना?"

बाधलं होतं खरं. तिच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या शिरांत गुठळ्या अडकून मूत्रपिंडं बंद पडली होती. डॉक्टरांनी जांघेतून नळी घालून त्या विरघळवल्या, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिल्या. घरी जाऊन बाईसाहेबांनी आठवडाभर नात्तो चापलं... पुन्हा गुठळ्या, पुन्हा नळी, आता दिवसाआड डायलिसिस.

"सकाळची पहिली चव वारसानेच घ्यायची, ही आमची रीत," ती उसळून म्हणाली. "मी खाल्लं नाही तर बाबा कारखाना चुलतभावाला देणार."

"मग बाबांशी भांडा की! मूत्रपिंडांशी कशाला?"

हे तिला झोंबलं. आणि आवडलंही, मेलं!

मग तो रोज जेवणाच्या सुट्टीत येऊ लागला. गडी ओसाकाचा, तिकडे हे फारसं कुणी खात नाही; नात्तोचं नाव काढलं तरी तोंड वाकडं.

"ओसाकावाले भित्रे."

"मितोवाले हट्टी."

एका सकाळी तिला कित्येक दिवसांनी लघवी झाली, चांगली भांडंभर! ही बातमी तिने आधी त्यालाच सांगितली, जराही न लाजता. पुढे डायलिसिसचं मशीन सुटलं, घरी जायचा दिवस आला.

"तुझी जीभ उसनी देशील?" तिने विचारलं.

"नात्तोसाठी? अगं, जीव माग..."

"जीव आहे माझ्याकडे. जीभ हवी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात बाबांनी पहिली वाटी चुलतभावापुढे सरकवली. चिनात्सूने ती उचलून सोबत आलेल्या तोमोहिसाच्या हातात दिली.

"हात माझे, नाक माझं, बाबा. चव तेवढी हा घेईल. कारखाना मी सोडणार नाही!"

तोमोहिसाने डोळे मिटून घास गिळला. "भयंकर... आणि शेवटी कडवट."

चिनात्सूने वाटी हुंगली. "जास्त आंबलंय. आंबवायची खोली रात्री जास्त तापली असणार."

बाबांनी चाखलं. मान डोलावली. मग तोमोहिसाला म्हणाले, "हे जन्मभर खावं लागेल."

"हिच्याशेजारी बसून... खाईन."

"आणि मला कुणी विचारायचं?" चिनात्सू कडाडली.

तो तिच्याकडे वळला. हनुवटीला नात्तोची तार लोंबत होती. "करशील लग्न माझ्याशी?"

"आधी तोंड पूस," ती म्हणाली, आणि बाबांच्या देखत, आपल्याच बाहीने तिने ते पुसलं.