गोगलगायीचा पहिला ठोका

सकाळी साडेआठला प्रयोगशाळेचं दार उघडलं, तर माझा मायक्रोस्कोप वर्तमानपत्रावर पसरलेला. अकरा तुकडे, ओळीने मांडलेले. आणि त्यांच्यामागे एक अनोळखी तरुण, ओठांत इवलासा स्क्रू धरून.

"अहो! हे काय चालवलंय तुम्ही?" माझ्या हातातली बशी हिंदकळली.

त्याने एक बोट वर केलं — थांबा. स्क्रू काढून डबीच्या झाकणात ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "डोळे धुतोय."

"कुणाचे?"

"याचे. आत बुरशी धरलीय. किती दिवस धुरकट दिसतंय तुम्हाला?"

 तीन आठवडे मला धुरकटच दिसत होतं, आणि मी समजत होते की गोगलगायीची अंडी असतातच तशी.

"दहाला मला नोंद घ्यायचीय," मी म्हटलं. "दर दोन तासांनी घ्यावी लागते. एक जरी चुकली तरी मॅडम माझं —"

"दहाला पाच कमी असताना देतो," तो म्हणाला. "तोवर त्या बशीत जे काही आहे ते सांडू नका म्हणजे झालं."

मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या प्राणिशास्त्र विभागात प्रत्येकाला सहा महिने एका मार्गदर्शकाच्या हाताखाली स्वतःचं संशोधन करावं लागतं. माझ्या वाट्याला आलेल्या मॅडमना आमची बॅच 'कात्री' म्हणायची. दर मंगळवारी मी वही घेऊन जायची आणि त्या तिच्यातलं काहीतरी कापायच्या. विषय मात्र त्यांनी सुरेख दिला होता. पाण्यातली गोगलगाय काचेवर जेलीसारखी एक पट्टी चिकटवते. तिच्यात साठ-सत्तर अंडी असतात, पारदर्शक. आतल्या पिल्लाचं हृदय साधारण सहाव्या दिवशी सुरू होतं. हल्ली सांडपाण्याबरोबर तळ्यांत मीठ उतरतं. त्या खारटपणामुळे हृदय उशिरा सुरू होतं का, एवढाच माझा प्रश्न.

"केव्हा सुरू होतं ते पुस्तकातलं नकोय मला," मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "तुझ्या डोळ्यांनी पाहिलेलं हवंय."

घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे आता गोगलगायींची बाळंतपणं? कर बाई. पण जेवत जा वेळेवर."

दहाला पाच कमी असताना मायक्रोस्कोप जोडून झाला. मी बशी भिंगाखाली सरकवली, डोळे लावले.

काल जिथे करडा ठिपका होता, तिथे आज काचेचा एक गोळा होता. आत एक जीव, मोहरीहूनही बारीक. त्याच्या कडेला केसांसारखं काहीतरी लवलवत होतं, आणि तो सावकाश, डौलात, स्वतःभोवती फिरत होता. शेजारच्या अंड्यातलाही फिरत होता. त्याच्या पलीकडचाही. बोटभर पट्टीत सत्तर ग्रह!

"दिसतंय ना नीट?" तो हत्यारं गुंडाळत होता.

"तुम्हीच बघा ना."

"मी?" तो हसला. "मी रेघा बघतो. आमच्याकडे रेघा आखलेली एक काच असते. त्या सरळ दिसल्या की काम झालं."

"म्हणजे यातून आजवर जिवंत काहीच पाहिलं नाही तुम्ही?"

"आठ वर्षं झाली मामाच्या दुरुस्तीच्या दुकानात लागून. कुणी 'बघ' म्हटलंच नाही."

मी उठले आणि स्टूल त्याच्याकडे सरकवलं. त्याने आधी दोन्ही हात शर्टाला पुसले — कुणाच्या तरी घरात पाऊल टाकायचं असावं तसे. मग वाकला.  मला फक्त त्याचा कान दिसत होता, हळूहळू लाल होत जाणारा.

"हे... फिरतंय."

"हो."

"कोण फिरवतंय?"

"ते स्वतःच."

तो मान वर करून माझ्याकडे बघत राहिला. माझ्याकडे म्हणजे... माझ्यातून पलीकडे. मग पिशवी उचलली, दाराच्या चौकटीला खांदा आपटला आणि निरोपाचा शब्दही न बोलता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर!

"खालचा एक स्क्रू सैल राहिला असावा. म्हटलं बघून जावं."

"कुठला?"

"तो... बघावं लागेल."

स्क्रूकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. थेट बशीच मागितली. बुधवारी दिवा तपासायचा होता, शुक्रवारी आरसा. माझ्या मैत्रिणीने त्याचं नाव 'भिंगवाला' ठेवलं, आणि त्याने माझं नाव 'गोगलगाय'.

"दिसायला गरीब," तो डोळे मिचकावून म्हणाला, "गोगलगाय अन् पोटात पाय!"

"शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर आहे. तिचा पाय पोटाशीच असतो."

"आणि तुमच्या पोटात काय?"

"सकाळपासून काहीच नाही."

त्याने मुकाट्याने स्वतःचा डबा उघडून पुढे केला. त्या दुपारी कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. आधी कुणी म्हटलं, यावर आम्ही पुढे पुष्कळ भांडलो.

पुढच्या पट्टीच्या सहाव्या दिवशी तो एक अजब वस्तू घेऊन आला. दुकानात धूळ खात पडलेली जुनी दुहेरी नळी. मायक्रोस्कोपवर बसवली की समोरासमोर बसून दोघांना एकाच वेळी बघता येतं.

"शिकवण्यासाठी असते ही," तो म्हणाला. "मला शिकव."

दुपारचे साडेतीन वाजत आले होते. आम्ही एकाच अंड्यावर नजर लावून बसलो. पिल्लाला आता टाचणीच्या टोकाएवढं कवच आलं होतं आणि त्याच्याखाली एक रिकामी, पारदर्शक पिशवी दिसत होती.

"तिथेच होणार," मी कुजबुजले. "डोळा हलवू नकोस."

"श्वास घेऊ?"

"हळू घे."

काहीच नाही... काहीच नाही. आणि मग ती पिशवी लचकली. एकदाच. पुन्हा निश्चल. मला वाटलं, भास झाला. इतक्यात पुन्हा — लुप्. मोठा खंड. लुप्... लुप्. अडखळत, चाचपडत, आणि मग त्या जिवाला जणू युक्ती सापडली आणि ते थांबेचना.

तीन वाजून चाळीस मिनिटं. मी वहीत वेळ लिहिली.

"आत्ता... आत्ता नव्हतं ना ते?" त्याचा आवाज घोगरा झाला होता. "एका मिनिटापूर्वी जगात नव्हतं. आणि कुणी सुरूही नाही केलं."

मी मान वर केली. नळीच्या पलीकडे त्याचा चेहरा अगदी जवळ होता. डोळे भरलेले, आणि ते पुसायचं त्याला भानही नव्हतं. माझ्या स्वतःच्या छातीत काय चाललं होतं ते नोंदवायला माझ्या वहीत जागा नव्हती.

दोन महिन्यांत माझ्या नोंदी पुऱ्या झाल्या. निकाल स्वच्छ होता. मिठाच्या पाण्यातली हृदयं तब्बल वीस तास उशिरा सुरू होत होती. मॅडमनी मंगळवारी काहीच कापलं नाही. नुसतं "हं" म्हणाल्या. त्यांच्या तोंडचं "हं" म्हणजे इतरांची शाबासकी! मी उड्या मारतच त्याला सांगितलं.

तो खूश झाला. मग सवयीने एका फळीवरची बशी डाव्या हातात आणि दुसऱ्या फळीवरची उजव्या हातात घेतली, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"मिठाच्या बशा नेहमी या खिडकीकडच्या फळीवरच असतात का गं?"

"हो. गोंधळ नको म्हणून. का?"

"ही गार आहे."

"काहीतरीच."

"काच कळते मला हाताला. मोजून बघ."

मी मोजलं. खिडकीची फट, बाहेरची थंडी... दोन अंशांचा फरक. गारव्याने वाढ मंदावते हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. म्हणजे उशीर मिठामुळे की थंडीमुळे, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. दोन महिने पाण्यात. आणि प्रबंध द्यायला उरले होते पाच आठवडे.

"कुणाला कळणार नाही," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला.

"तुला कळलंय ना."

त्याने ते अगदी हळू म्हटलं, म्हणूनच मला जास्त झोंबलं. "तुझं काम रेघा बघायचं आहे," मी फाडकन बोलले. "तेवढं कर. संशोधनातलं तुला काय कळतं?"

त्याने दोन्ही बशा जागच्या जागी ठेवल्या. एक थेंबही न सांडता. आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी माझी वही पुढे ओढली आणि त्या सुंदर तक्त्यावर कोपऱ्यातून कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारली. 

"पुन्हा कर," त्या म्हणाल्या. "बशा रोज चिठ्ठ्या टाकून हलव. कुठल्या बशीत काय आहे ते मी लिहून ठेवते, तुला शेवटीच सांगीन." मग उठल्या, माझ्याबरोबर प्रयोगशाळेत आल्या आणि मायक्रोस्कोपवर वाकल्या. कितीतरी वेळ तशाच. "तीस वर्षं बघतेय मी हे," त्या भिंगातच बोलल्यासारखं बोलल्या. "अजून अंगावर काटा येतो. म्हणून याच्याशी खोटं बोलवत नाही गं. तू आलीस ते बरं केलंस."

आणि कात्रीने माझ्या डोक्यावरून चक्क हात फिरवला.

पाच आठवडे मी झपाटल्यासारखं काम केलं. तो आला नाही. एकही स्क्रू सैल झाला नाही, एकही दिवा तपासायचा राहिला नाही. रोज कुठल्या ना कुठल्या अंड्यात पहिला ठोका पडे, आणि मी मान वर करून समोर बघे... दुहेरी नळीच्या पलीकडे नुसतं स्टूल.

शेवटी मॅडमनी त्यांची यादी उघडली. फरक नव्हता. साध्या पाण्यात असो की खाऱ्या, हृदयं आपापल्या वेळेवर सुरू झाली होती.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "म्हणजे सहा महिन्यांत फारसं काही हाती लागलं नाही?"

"लागलं ना, सर," मी म्हटलं. "इतकं मीठ हृदयाला थांबवू शकत नाही, हे कळलं. मला तर ते फार मोठं वाटतं."

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, पण हसत होत्या. बाहेर आल्यावर पीएचडीसाठी थांबतेस का म्हणून त्यांनीच विचारलं.

मी तिथून तडक त्याच्या मामाच्या दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. मामांनी चष्म्यावरून मला न्याहाळलं आणि आत हाक मारली, "अरे, तुझ्या गोगलगायवाल्या बाई आल्यात!"

तो बाहेर आला. हातात भिंग, चेहऱ्यावर काहीच नाही.

"मी चुकले," मी म्हणाले. घोकून आणलेली पाच वाक्यं कुठच्या कुठे पळाली. "बशांबद्दल तू बरोबर होतास. आणि मी जे बोलले ना, ते... ते फार वाईट बोलले. त्यासाठी मला माफ कर."

तो नुसता बाजूला सरकला. त्याच्या टेबलावर एक काचेची बरणी होती. आत पाणी, पालकाचं एक पान, आणि काचेवरून संथ चाललेली एक गोगलगाय. बरणीला चिकटलेली अंड्यांची पट्टी. शेजारी वही.

"तळ्यावरून आणली," तो पुटपुटला. "तुझ्याकडे यायची सोय उरली नव्हती. पण बघितल्याशिवाय राहवेना."

मी वही उघडली. तारीख, वार, पाण्याचं तापमान. मॅडमनीसुद्धा काही कापलं नसतं इतकं नेटकं. 'पहिला ठोका — सकाळी दहा वाजून पाच मिनिटं.' आणि खाली, बारीक अक्षरात: 'एकट्याने पाहिला. तेवढी मजा नाही.'

अक्षरं माझ्या डोळ्यांपुढे विरघळली.

"पुढच्या वेळी मला बोलाव," मी कसंबसं म्हटलं.

"येशील?"

"येईन. मॅडम पीएचडीला थांब म्हणतायत. चार वर्षं आहे मी इथे."

"मी तुझ्या पीएचडीचं विचारत नाहीये."

"मग काय विचारतोयस? नीट विचार ना."

त्याने हातातलं भिंग खाली ठेवलं. कान लालबुंद. "मला तू आवडतेस," तो म्हणाला. "चार वर्षांपुरती नाही."

मी त्याचा हात धरला. मनगटावर माझी बोटं आपोआप नाडीवर गेली, आणि मला हसू फुटलं, कारण ती नुसती धावत होती. मामा मोठ्याने खाकरले आणि एकाएकी त्यांना दुकानाबाहेर काहीतरी काम आठवलं.

तेवढ्यात फोन वाजला. आई.

"झाली का परीक्षा? रविवारी घरी येतेयस ना? एकटीच?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

"नाही गं आई... दोघं येतोय."

पलीकडे बाबांना खुणावल्याची कुजबुज, बांगड्यांची किणकिण. मग आईने घसा साफ केला आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात विचारलं,

"तिखट चालतं का गं त्याला?"