सतरा पांढरे कागद

चारुदत्त खासनीस त्या संध्याकाळी सव्वासहाला घरातून निघाला, तो कुणाची वस्तू परत करायला निघाल्यासारखा अगदी सावकाश. एका हातात लाकडी पेटी, खांद्याला शबनम, तिच्यात टॉर्च, एक लखोटा आणि बायकोनं, सरलानं बांधून दिलेली पोळी-भाजी. वार मंगळवार, सतरा सप्टेंबर एकोणीसशे चौऱ्याहत्तर. अमावास्या आदल्याच दिवशी उलटलेली. तारीख लक्षात ठेवा पोरांनो, सगळा घोळ त्या तारखेचाच आहे.

वैशाली, मेणबत्ती एकच पुरे. आणि श्रीकांत, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, मग जमणार नाही.

तर हा चारुदत्त म्हणजे कुणी लांबचा ऐकीव माणूस नव्हे. आपल्या मंडळाच्या गणपतीत दोन वर्षं आरतीला पुढे असायचा. पुण्याहून बदलीवर आलेला इंजिनिअर, इथल्या कलकत्त्यातल्या एका बसखात्यात. कुठलं खातं, कोण साहेब, ते विचारू नका. बागबाजारच्या बाजूला त्यांचा एक डेपो होता, एवढं पुरे.

बसचा धूर तुम्हाला काय सांगायचा? धरमतल्याला दहा मिनिटं उभं राहा आणि नाक शिंकरा, रुमालात काय येतं ते बघवत नाही. सरला सकाळी पांढरी चादर दोरीवर घालायची, ती संध्याकाळी करडी होऊन घरात यायची. हात लावला की बोटाला तेलकट काजळी. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवायला विसरलं की वरच्या शितांवर काळे ठिपके. पाचवा महिना होता तिला. रोज उठल्यावर खोकायची, मोरीत थुंकायची आणि पाणी ओतायच्या आधी वाकून बघायची, आज काय पडलं.

"अहो, हे बाळ मला इथे नकोय," ती म्हणायची. "काहीही करा, पण पुण्याला बदली घ्या. ह्या घाणीत मी ते वाढवणार नाही."

काहीही करा, असं माणूस सहज म्हणून जातो.

त्या वर्षी बसचा ताफा सुधारायचा हुकूम आला होता. कमी धुराच्या नव्या गाड्या आणायच्या, जुन्या भंगारात काढायच्या. डेपोत नवी आली किती? एक. मग मोठ्या साहेबांनी डोकं चालवलं. सतरा जुन्या दुमजली गाड्यांना बाहेरून लालभडक रंग दिला, सीटांना नवं रेक्झिन चढवलं आणि ह्याच आमच्या सुधारलेल्या गाड्या, असं वर कळवून टाकलं. खरकट्या भांड्यावर कल्हई करावी, तसला प्रकार. आतली इंजिनं तीच, काळं ओकणारी. आडवी आली ती फक्त धुराची तपासणी.

ती लाकडी पेटी म्हणजे तपासणीचं यंत्र. आत एक हातपंप. त्याच्या लांब रबरी नळीचं टोक बसच्या सायलेन्सरमध्ये खुपसायचं, पंपात रुपयाएवढा गोल पांढरा कागद बसवायचा आणि दांडा दाबून सोडायचा. पंप धूर ओढून त्या कागदातून गाळतो. कागद जितका काळा, तितकी गाडी वाईट. मागे गाडीचा नंबर आणि इंजिनिअरची सही. त्या सहीवर गाडी रस्त्यावर जायची, नाहीतर भंगारात.

"अठराच्या सकाळी सतरा पांढरे कागद माझ्या टेबलावर ठेवा, खासनीस," साहेब म्हणाले होते. "दुपारी तुमच्या बदलीच्या अर्जावर माझा शेरा पडेल."

पांढरे कागद मिळायचा मार्ग एकच होता. सगळे त्या एकट्या नव्या बसवर ओढायचे आणि नंबर जुन्यांचे घालायचे. त्याला डेपो रिकामा हवा. सतरा सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा, त्या दिवशी डेपोत काम बंद, हे चारुदत्तला ठाऊक होतं. काम बंद का असतं, हे विचारायची गरज त्याला कधी वाटली नव्हती.

डेपोत पोचला तेव्हा पूजा आटोपली होती. शेडच्या दारात हत्तीवर बसलेला विश्वकर्मा, समोर पाने, हातोडे, जॅक ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर शेंदूर आणि फूल. बाजूला जेवणाच्या पंगतीची घाण. खरकट्या पत्रावळी, मटणाची हाडं, आणि सगळं सांडलेल्या ऑइलच्या डबक्यात तरंगत होतं, त्यावर माश्या. चारुदत्तनं रुमाल नाकाला लावला.

म्हातारा फोरमन हरिपदबाबू घरी निघाला होता. पेटी बघून थांबला.

"आज नाही साहेब. उद्या करा."

"पाच मिनिटांचं काम आहे. नुसती नवी गाडी चालू करायची."

"आज यंत्र चालू करत नाहीत. त्यांचा विसाव्याचा दिवस."

चारुदत्त हसला. आपल्याकडे काय असतं? दसऱ्याला गाडीला हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि पूजा झाली की दणक्यात पहिली फेरी मारायची. पूजा झाली म्हणजे गाडी चालवायला मोकळी, हेच त्याच्या डोक्यात. त्यानं हरिपदबाबूला तसं सांगितलंही, वर पाठीवर थाप मारून.

"तुमच्याकडे असेल तसं," म्हातारा म्हणाला. "आमच्याकडे आज जिवंत माणूस हत्याराला हात लावत नाही."

किल्ली त्यानं दिली, चारुदत्त पडला साहेब. पण हातात नाही दिली. जमिनीवर ठेवली आणि गेला.

सात वाजले. फाटकाशी बिहारी दरवान पोळ्या भाजत बसला होता, बाकी सगळीकडे सामसूम. चारुदत्तनं नव्या बसच्या गळ्यातला झेंडूचा हार बाजूला सारला, इंजिन चालू केलं, ॲक्सिलरेटरवर वीट ठेवली. मागच्या चाकाशी स्टूल घेऊन पेटी मांडली आणि नळी बसच्या मागे वळवून सायलेन्सरमध्ये खुपसली. पहिला कागद काढला. पांढरा. दुसराही. तो खुशीत आला. सहा कागद झाले, सहाही नुकत्या धुतल्यासारखे. फक्त हादऱ्यानं नळी दर वेळी निसटायची आणि उठून पुन्हा घालावी लागायची, तेवढाच ताप.

सात चाळीसला दिवे गेले.

लोडशेडिंगच ते, रोजचं. टॉर्चचे सेल जपायचे म्हणून त्यानं तो बंदच ठेवला. बघायचं काय होतं? नवी गाडी, कागद पांढराच निघणार. अंधारात चाचपत कागद बसवायचा, दांडा दाबायचा, सोडायचा, कागद काढून लखोट्यात टाकायचा. सातवा. आठवा. नववा.

दहाव्याला त्याच्या लक्षात आलं, नळी आता निसटत नाही.

बसच्या मागून कुणीतरी खोकलं. ओला खोकला, तळापासून घुसळून आलेला. मग थुंकल्याचा आवाज.

"के?" कोण ते, चारुदत्तनं बंगालीत विचारलं.

"धोरे आछि, बाबू."

धरलीय मी. दरवान असेल, असं त्याला वाटलं. बरं झालं, उठायचा त्रास वाचला. दरवान बिहारी होता, त्याला बंगाली धड येत नव्हतं, हे त्याला तेव्हा सुचलं नाही. त्यानं आभारही मानले नाहीत. अकरावा. बारावा. दर कागदाला मागून तो खोकला. चारुदत्तला शिसारी आली. तोंडावर हात तरी घे म्हणावं.

तेरावा. चौदावा.

कागद बोटांना ओला लागत होता.

घाम असेल, तो म्हणाला. हवाच तशी.

पंधरावा. बोटं एकमेकांना चिकटायला लागली. त्यानं ती पँटला पुसली. वास आला... डिझेलचा, आणि त्याखाली दुसरा एक. आजारी माणसाच्या उशीला येतो तो.

सोळावा.

तो काढताना त्याला जाणवलं, किती शांत आहे.

इंजिन बंद होतं.

कधी बंद पडलं? त्याला आठवेना. मग इतका वेळ पंप ओढत काय होता?

"आर एकटा बाकी, बाबू," मागून आवाज आला.

अजून एक बाकी. पण सतरा करायचेत, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सरलालासुद्धा नाही.

त्यानं टॉर्च लावला. आधी आपल्या बोटांवर. काळी, चकचकीत, तार सुटत होती. मग नळीवर. नळी ओल्या फरशीवरून गेली होती. चाकापाशी वळली होती. तो उठला. दोन पावलं... तीन. सायलेन्सरचं तोंड दिसलं.

रिकामं.

नळी पुढे गेली होती.

भिंतीशी एक माणूस उकिडवा बसला होता. खाकी हाफपँट, गुडघे कानांशी. दोन्ही हात गुडघ्यांवर नीट ठेवलेले. त्यानं नळी हातात धरलेलीच नव्हती.

नळी तोंडात होती. चार बोटं आत.

ओठांच्या कडांनी काळं गळत होतं, हनुवटीवरून छातीवर. तो चारुदत्तकडे बघत होता. वाट बघत होता, काम उरकायची.

मागे स्टुलावर पंपाचा दांडा आपोआप खाली गेला... आणि सुटला.

त्या माणसाचे गाल आत गेले. मग छाती. आत... आणखी आत...

टॉर्च पडला. चारुदत्त फाटकाशी कसा पोचला ते त्याला कधीच सांगता आलं नाही. दरवान तिथेच चुलीशी होता. "मैं तो यहीं बैठा हूँ, साहब," तो म्हणाला. "अंदर तो आपके सिवा कोई नहीं।" नळी तोंडात असताना तो माणूस बोलला कसा, हा विचार चारुदत्तला घरी पोचल्यावर आला, आणि मग रात्रभर गेला नाही.

सकाळी सहाला हरिपदबाबू दारात. पेटी आणि लखोटा घेऊन आला होता. चारुदत्तनं जे पाहिलं ते अडखळत सांगितलं. म्हातारा दचकलाही नाही.

"निताई," तो म्हणाला. "टाकीतलं डिझेल काढायचं तर नळी तोंडात धरून ओढायचा. पंप कधी मिळालाच नाही आम्हाला. अकरा वर्षं ओढलं. शेवटी घास गिळवत नव्हता, जे यायचं ते काळंच यायचं. गेल्या श्रावणात गेला." पेटी खाली ठेवली आणि म्हणाला, "साहेब, त्या जुन्या गाड्यांखालीच आयुष्य गेलं त्याचं. त्या भंगारात गेल्या तर बरं होईल."

तो गेल्यावर चारुदत्तनं लखोटा उघडला. तळाचे कागद पांढरे. वरचे सगळे काळे, वाळून एकमेकांना चिकटलेले, उचकटले तर खपली निघावी तसे निघणारे. आतल्या खोलीत सरला उठली होती. मोरीशी खोकत होती.

आता ऐका. भुताची किळस नाही येत. निताईनं कुणाचं काय बिघडवलं? आयुष्यभर सांगितलेलं काम केलं, मेल्यावरही मदतीलाच आला. किळस येते ती पुढच्या गोष्टीची. चारुदत्तपुढे खरे कागद होते. कुठल्याही यंत्रानं इतकी खरी तपासणी आजवर केली नसेल. त्यानं ते वर्तमानपत्रात गुंडाळले आणि शेजारच्यांच्या पेटत्या शेगडीत घातले. मग पेटीतून सतरा कोरे कागद काढले. कुठल्याही बसजवळ न गेलेले, नवे कोरे. त्यांच्यावर एकेक करून नंबर घातले आणि सतरा सह्या ठोकल्या. एकाही सहीत खाडाखोड झाली नाही, हे त्यानंच सांगितलं. सांगताना खाली बघत होता, एवढंच.

साहेबांनी लखोटा उघडूनही पाहिला नाही. शेरा दुपारी पडला. गाड्या रस्त्यावर गेल्या, अजून धावताहेत. श्रीकांत, तू आत्ता ज्या बसनं आलास ती त्यातलीच असेल, सांगता येत नाही.

नोव्हेंबरात नवराबायको पुण्याला गेली. तिथली हवा काय वर्णावी! महिन्याभरात सरलाचा खोकला थांबला, चेहऱ्यावर तजेला आला. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, स्वच्छ. चारुदत्तला वाटलं, जिंकलो.

जानेवारीच्या अकरा तारखेला, पहाटे पावणेपाचला, सरला बाळंत झाली. चारुदत्त बाहेर बाकावर होता. आतून रडणं ऐकू आलं आणि त्यानं हात जोडले. थोड्या वेळानं नर्स बाहेर आली. बाळ आणलं नव्हतं. हातात छोटा ट्रे होता.

"मुलगी आहे. अडीच किलो, छान आहे," ती म्हणाली. पण ट्रे तिनं पुढे केला.

जन्मल्याबरोबर बाळाचं तोंड कापसानं पुसून घेतात ना, तो बोळा त्यात होता.

काळा. ओला.

चारुदत्तला वाकावं लागलं नाही. वास बाकापर्यंत आला.

"कलकत्त्याहून आलात ना तुम्ही? आम्हाला वाटलं, तिथला धूर गेला असेल पोटात..." नर्सचा आवाज बारीक झाला. "पण असं कसं होईल हो? ती रडायच्या आधी पुसलं मी. अजून तिनं श्वाससुद्धा घेतला नव्हता."